लिस्बन पहिल्यांदा पाहताना: चार दिवसांची एक वाट

पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, कुठल्याही साध्या खाणावळीत बसा आणि मेन्यू वाचायला घ्या. बटाट्याला तिथे बटाटाच म्हणतात. कोबीला कोव्ह, काजूला काजू, अननसाला अननस, आणि पावाला पावच, फक्त थोडा नाकातून उच्चारलेला. बाहेर गल्लीत किल्ल्या बनवणाऱ्याच्या पाटीवर 'शाव्ह' लिहिलेलं असतं, ती आपली चावी. लिलाव, परात, घमेलं, पिंप, पगार हे शब्दही या बंदरातून जहाजात बसले आणि आपल्या किनाऱ्यावर उतरून कायमचे आपले झाले.

मी काही वर्षं या शहरात राहते. दर उन्हाळ्यात घरचं किंवा ओळखीचं कुणी ना कुणी येतं, आणि त्यांना फिरवता फिरवता माझी एक वाट ठरून गेली आहे. येणाऱ्यांच्या हातात बहुधा दीड दिवसाची यादी असते: पिवळी ट्राम, नदीकाठचा बुरूज, कस्टर्डची खुसखुशीत वाटी, आणि लगेच पुढच्या शहराचं विमान. माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे, लिस्बनला चार दिवस द्या. १५१० पासून १९६१ पर्यंत, म्हणजे साडेचारशे वर्षं, गोव्याचा कारभार या शहरातून चालला. इथल्या राजांच्या थडग्यांखाली दगडी हत्ती आहेत, बुरुजावर भारतातून आलेला गेंडा आहे आणि सर्वात देखण्या मठाच्या बांधकामात मसाल्यांचा पैसा आहे. आपण कुठे उभे आहोत हे ठाऊक नसेल तर हे सगळं डोळ्यांसमोरून नुसतं निघून जातं.

निघण्याआधी

पोर्तुगालसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी व्हायला हवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्जासाठी भेटीची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून मे-जूनला यायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच हालचाल करा. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवासविमा लागतो. युरोपातल्या दुसऱ्या एखाद्या शेंगेन शहरात विमान बदलणार असाल तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते, तेव्हा दोन विमानांत चांगलं अंतर ठेवा. एक तासात धावपळ करून विमान पकडण्याच्या भानगडीत पडू नका.

एप्रिल, मे, सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे महिने सगळ्यात चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन रखरखीत असतं आणि गर्दी त्याहून जास्त. नोव्हेंबरपासून पाऊस येऊन-जाऊन असतो. उन्हाळ्यातही संध्याकाळी अटलांटिकवरचं वारं सुटतं, म्हणून पातळ जॅकेट जवळ हवंच.

कपड्यांपेक्षा महत्त्वाचे बूट. शहर टेकड्यांवर वसलंय आणि फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या नि काळ्या बेसॉल्टच्या मुठीएवढ्या फरशांचे आहेत. फार सुंदर नक्षी असते त्यांची, पण शेकडो पावलांनी घासून दगड गुळगुळीत झालेत आणि दोन थेंब पडले की शेवाळलेल्या घाटासारखे निसरडे होतात. जाड रबरी तळव्याचे, वापरून सैल झालेले बूट आणा. नवे कोरे बूट आणि चपला दोन्ही नकोत.

राहण्याची जागा निवडताना नकाशावरचं अंतर पाहून फसू नका. नकाशा सपाट असतो, शहर नाही. जुन्या वस्तीतल्या स्वस्त खोलीला बहुधा लिफ्ट नसते आणि लाकडी जिना अरुंद असतो. सोबत गुडघेदुखीचं कुणी असेल तर खालच्या सपाट भागात, म्हणजे बाइशा, रोसिओ किंवा आवेनिदा परिसरात राहा. खोलीभाड्याशिवाय माणशी रात्रीला ४ युरो शहराचा पर्यटन कर द्यावा लागतो, त्याचाही हिशेब धरा.

विमानतळावरून शहरात

विमानतळ शहराला लागूनच आहे आणि मेट्रोची लाल लाइन तिथूनच सुरू होते. आलामेदा स्थानकावर उतरून हिरवी लाइन धरली की रोसिओ आणि बाइशा-शिआदो येतात. यंत्रातून 'नावेगांत' नावाचं हिरवं कागदी कार्ड काढा. कोऱ्या कार्डाचे अर्धा युरो, वर हवे तेवढे पैसे भरायचे. पैसे भरून वापरण्याच्या या पद्धतीला इथे 'झॅपिंग' म्हणतात आणि त्यात सुटं भाडं कमी पडतं. मेट्रो, बस, ट्राम, नदीवरची बोट, सगळीकडे हेच कार्ड चालतं. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. आमचे काका फाटकातून पलीकडे गेले आणि कार्ड मागे काकूंकडे दिलं. फाटक काही उघडेना आणि दोघं दोन बाजूंना! प्रत्येकाचं वेगळं कार्ड घ्या.

दिवसभर सतत चढउतार करणार असाल तर चोवीस तासांचं तिकीट त्याच कार्डावर भरता येतं, साधारण सात युरोंना. पर्यटकांसाठी असलेल्या लिस्बोआ कार्डात वाहतुकीबरोबर अनेक ठिकाणांचा प्रवेश आणि सिंत्रा, कश्काइश या जवळच्या गावांची रेल्वेही येते. दिवसाला तीन तिकिटांची ठिकाणं बघणाऱ्याला ते परवडतं. चालत, बसत, रमत फिरणाऱ्याने साधं कार्डच घ्यावं.

पहिला दिवस: सपाटीवर

सुरुवात नदीकाठच्या मोठ्या चौकातून करा. कागदोपत्री नाव प्रासा दो कोमेर्सिओ, म्हणजे व्यापार चौक. पण जुनी माणसं अजूनही त्याला 'तेरेइरो दो पासो' म्हणतात, म्हणजे राजवाड्याचं पटांगण. वाडा कुठे दिसत नाही. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी तो गेला.

त्या दिवशी सर्व संतांचा सण होता. लोक चर्चमध्ये जमलेले, वेदीवर मेणबत्त्या लागलेल्या. साडेनऊच्या सुमाराला भूकंप झाला. पडझडीतून वाचलेले लोक मोकळी जागा म्हणून नदीकडे धावले, आणि थोड्या वेळात नदीतून समुद्राच्या लाटा आत शिरल्या. उरलेलं शहर मेणबत्त्यांनी आणि चुलींनी पेटलं ते कित्येक दिवस जळत राहिलं. याच काठावर 'काझा द इंदिया' होती, भारताशी होणाऱ्या साऱ्या व्यापाराची सरकारी कचेरी. मिरी, दालचिनी, कापड, सगळ्याचा हिशेब तिथे व्हायचा. तीही कागदपत्रांसकट नष्ट झाली. चौकात नदीच्या बाजूला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि दोन खांब आहेत. त्या पायऱ्यांवर पाच मिनिटं बसा. भरतीचं पाणी दगडांवर येतं तेव्हा समजतं की समुद्र इथून किती जवळ आहे.

चौकामागची सगळी बाइशा वस्ती भूकंपानंतर मार्केश द पोंबाल या मंत्र्याने नव्याने उभी केली. सरळ रस्ते, सारख्या उंचीची घरं आणि भिंतींच्या आत 'गायोला', म्हणजे लाकडी पट्ट्यांचा पिंजरा, जो हादरा बसला की लवतो पण मोडत नाही. त्याची चाचणी घेण्यासाठी नमुन्याच्या घराभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं होतं असं सांगतात. रस्त्यांची नावं धंद्यांवरून आहेत: सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा, खोगीरवाल्यांचा. तांबट आळी आणि कासार आळी माहीत असलेल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कमानीखालून रुआ आउगुस्ताने सरळ वर रोसिओ चौकात या. वाटेत कुणी हळूच जवळ येऊन कानाशी अमली पदार्थांचं नाव पुटपुटेल. दिवसाढवळ्या होतं हे. 'नको' एवढंच म्हणायचं आणि चालत राहायचं; थांबायचं नाही, वादही घालायचा नाही. रोसिओच्या फरसबंदीवर काळ्या-पांढऱ्या लाटा आहेत. चौकाच्या एका टोकाला उभं राहून लांबवर पाहिलं की जमीन खरंच हलतेय असं वाटतं.

सांता जुस्ता ही १९०२ सालची लोखंडी लिफ्ट जवळच आहे आणि तिच्यासमोर तासाभराची रांग. रांगेत उभं राहू नका. शिआदोमार्गे चढण चढून कार्मो चौकात गेलात तर लिफ्टच्या वरच्या टोकाशी जाणारा पूल तिथूनच आहे आणि वरून तेच दृश्य दिसतं.

कार्मो चौकात मात्र वेळ काढा. इथल्या मठाचं छत भूकंपात कोसळलं आणि ते पुन्हा बांधलंच नाही. आत शिरलात की दगडी कमानी बरगड्यांसारख्या उभ्या आणि वर मोकळं आकाश. आता इथे संग्रहालय आहे, ते रविवारी बंद असतं. बाहेरच्या चौकात जॅकरांडाची झाडं आणि शेजारी सैनिकी छावणी. २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही सरकारचे पंतप्रधान याच छावणीत आसऱ्याला आले होते, बाहेर बंडखोर सैनिक आणि हजारो लोक, आणि सैनिकांच्या बंदुकीच्या नळ्यांत लोकांनी खोवलेली कार्नेशनची लाल फुलं. संध्याकाळपर्यंत शरणागती झाली. गोवा १९६१ लाच मुक्त झाला होता, पण लिस्बनने ते मान्य केलं नव्हतं. या क्रांतीनंतर आलेल्या सरकारने त्याच वर्षाच्या अखेरीस करार करून ते मान्य केलं. चौक छोटासाच आहे, पण आपल्याकडच्या एका प्रकरणाचं शेवटचं पान इथे उलटलं.

दुसरा दिवस: गाडीने वर, पायी खाली

आल्फामाची जुनी वस्ती चढत पाहायची नाही, उतरत पाहायची. हा एक नियम पाळलात तर निम्मा थकवा वाचतो.

सगळे २८ नंबरच्या ट्रामकडे धावतात. ट्राम खरोखर गोड आहे, आतलं लाकूड आणि पितळ जुन्या वळणाचं, वळणावर कधी कधी हात बाहेर काढला तर भिंतीला लागेल इतकी जवळून जाते. पण मार्तिम मोनिझच्या थांब्यावर दहानंतर मोठी रांग लागते आणि आत चेंगराचेंगरी. बसायला जागा हवी असेल तर सकाळी लवकर पलीकडच्या टोकाहून, म्हणजे काम्पो द ओरीकहून चढा. आणि पाकीट आतल्या खिशात. माझ्या पाठीवरच्या पिशवीची चेन एकदा याच गर्दीत उघडली गेली. सुदैवाने वरच्या कप्प्यात चिवड्याची पुडी होती, पण तेव्हापासून गर्दीत पिशवी छातीशी धरते.

शहरातल्या तीव्र चढांवर दोरखंडाने ओढली जाणारी केबल रेल्वे होती. त्यातल्या ग्लोरियाच्या गाडीला ३ सप्टेंबर २०२५ ला भीषण अपघात होऊन १६ माणसं गेली. त्यानंतर या गाड्या बंद झाल्या, तेव्हा जुनी माहिती वाचून त्यांच्यावर बेत आखू नका.

वर पोचल्यावर सेन्योरा दो मोंते या उंच कट्ट्यापासून सुरू करा. इथे अशा कट्ट्यांना 'मिरादोरो' म्हणतात आणि संध्याकाळी सगळा गाव तिथे येऊन बसतो. तिथून ग्रासा, मग साओ व्हिसेंतेच्या बाजूने खाली. मंगळवार किंवा शनिवार असेल तर वाटेत 'फेइरा दा लाद्रा' हा जुना बाजार लागतो. फुटक्या टाइल्स, तांब्याची भांडी, मोझांबिक या जुन्या पोर्तुगीज वसाहतीची नाणी, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. शेजारी पांढरा घुमट दिसतो तो राष्ट्रीय पांतेओं, म्हणजे थोरांचं स्मृतिस्थान. सांता एंग्रासियाचं हे चर्च १६८२ ला बांधायला घेतलं आणि १९६६ ला पुरं झालं. रखडलेल्या कुठल्याही कामाला पोर्तुगीज लोक 'सांता एंग्रासियाचं काम' म्हणतात ते यावरूनच. आत फादो, म्हणजे इथलं पारंपरिक गाणं, गाणाऱ्या आमालिया रॉद्रिगेश यांची समाधी आहे आणि तिच्यासमोर जवळपास रोज ताजी फुलं असतात.

किल्ला, म्हणजे काश्तेलो द साओ जोर्ज, सोमवारीही उघडा असतो. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद, म्हणून सोमवार आला तर किल्ल्यासाठी ठेवा. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो एन्रीकेशने हा मूरांकडून, म्हणजे इथल्या मुस्लिम सत्तेकडून, घेतला. खरं सांगायचं तर आत पाहण्यासारखं थोडकंच आहे. तटावरची हवा, मोर आणि नदीचं दृश्य यासाठी जायचं. रायगड-राजगड चढलेल्यांना तो लहान वाटेल.

खाली उतरताना सांता लुझियाच्या कट्ट्यावर चर्चच्या बाहेरच्या भिंतीकडे जा. तिथे निळ्या टाइल्सवर कालचा नदीकाठचा चौक चितारलाय, भूकंपाआधीचा, वाड्यासकट. काल जी मोकळी जागा पाहिली ती आज भरलेली दिसते. लोक पाठ फिरवून नदीचे फोटो काढत असतात आणि ही भिंत तशीच राहते. या टाइल्सना 'आझुलेझो' म्हणतात. शब्द अरबी आहे, निळ्या रंगाच्या पोर्तुगीज शब्दाशी त्याचा संबंध नाही. त्यांची गोडी लागली तर माद्रे द देउश मठातलं टाइल संग्रहालय शोधून काढा. भूकंपाआधीच्या अख्ख्या लिस्बनचं २३ मीटर लांब टाइलचित्र त्या संग्रहातलंच.

आणखी खाली सेची, म्हणजे कॅथेड्रलची, जाड भिंत येते. तिच्या शेजारी आल्झुब हा हुकूमशहा सालाझारच्या काळातला राजकीय कैद्यांचा तुरुंग आहे, आता संग्रहालय. कोठड्या इतक्या अरुंद की हात पसरता येत नाहीत. लहान मुलांना नेऊ नका, पण तुम्ही जा.

संध्याकाळ फादोची. आल्फामाच्या तळाशी फादो संग्रहालय आहे. तिथे आधी तासभर काढलात तर गाणं जास्त भिडतं. बारा तारांची पोर्तुगीज गिटार, साथीला साधी गिटार आणि एक आवाज, बास. दिवे मंद होतात, कुणीतरी 'सिलेन्सिओ' म्हणतं, आणि मग चमचासुद्धा वाजवायचा नाही. वाढपीसुद्धा थांबतात. आपल्याकडे मैफलीत मध्येच 'वा' म्हणतो तसं इथे करू नका, दाद गाणं संपल्यावर. पर्यटकांच्या मोठ्या हॉटेलांत जेवणासकट पन्नास युरो सहज जातात. छोट्या ताश्कात, म्हणजे घरगुती खाणावळीत, शेजारपाजारचेच लोक उठून गातात आणि ते मला कितीतरी खरं वाटतं. या गल्ल्यांत माणसं राहतात. उघड्या दारातून आत फोटो काढू नका आणि रात्री हळू बोला.

तिसरा दिवस: बेलेम

या दिवसासाठी सकाळी नऊला निघाच. काइश दो सोद्रेहून कश्काइशच्या रेल्वेने सात-आठ मिनिटं, नाहीतर १५ नंबरची ट्राम. जेरोनिमोस मठाचं तिकीट आदल्या दिवशी ऑनलाइन काढा, वेळ ठरवून मिळतं. ही स्मारकं डागडुजीसाठी आळीपाळीने बंद असतात. बेलेमचा बुरूजही मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता, म्हणून निघण्याआधी प्रत्येक ठिकाणाच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

मठ मानुएल राजाने १५०१ च्या सुमारास बांधायला घेतला आणि काम शतकभर चाललं. पैसा आला 'विंतेना दा पिमेंता'तून, शब्दशः मिरीचा विसावा हिस्सा. पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांच्या व्यापारावर पाच टक्के कर. मलबारच्या वेलीवरची मिरी इथे दगड झाली. अंगणाभोवतीच्या दुमजली ओवऱ्यांत सावकाश फिरा आणि खांबांना हात न लावता अगदी जवळून पाहा: पीळ दिलेले दोरखंड, गाठी, पोवळी, शंख, पानं. दगड मधाच्या रंगाचा आहे आणि सकाळच्या तिरप्या उन्हात दोरखंडाचा प्रत्येक पीळ वेगळा दिसतो.

चर्चमध्ये शिरल्या शिरल्या डाव्या हाताला वास्को द गामाचं थडगं, उजवीकडे कवी कामोंइश. गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, तिथेच पुरला गेला, मग अस्थी पोर्तुगालला आल्या आणि १८८० मध्ये या मठात. थडग्याच्या बाजूवर जहाज कोरलंय. बहुतेक लोक इथूनच मागे फिरतात. तुम्ही सरळ वेदीपर्यंत जा. दोन्ही बाजूंना राजाराण्यांच्या दगडी पेट्या आहेत आणि प्रत्येक पेटी संगमरवरी हत्तींच्या पाठीवर आहे. वसईच्या माझ्या आत्या तिथे बराच वेळ उभ्या होत्या. लहानपणापासून त्यांनी वसईच्या किल्ल्यातली मोडकी चर्चं आणि पोर्तुगीज लेख कोरलेले थडग्यांचे दगड पाहिलेले. त्या म्हणाल्या, "तिकडे त्यांचे दगड, इकडे आपले हत्ती." मग रुमाल काढून त्यांनी चश्मा पुसला.

नदीकाठी शोधांचं स्मारक दिसतं, ५६ मीटर उंच, जहाजाच्या नाळेसारखं. आजचं बांधकाम १९६० चं, सालाझारच्या राजवटीतलं, आणि त्यातला अभिमान कुठल्या काळाचा आहे हे लक्षात ठेवून ते पाहावं असं मला वाटतं. समोर जमिनीवर संगमरवराचा जगाचा नकाशा आहे. मुलांना भारतावर उभं करून लिस्बनपर्यंत समुद्रमार्गाने, आफ्रिकेला वळसा घालून, चालायला सांगा. सहा महिन्यांचा प्रवास त्यांना पावलांनी कळतो.

बुरूज आतून बंद असला तरी बाहेरून पाहाच. तो १५१४ ते १५१९ च्या सुमारास बांधला. वायव्येकडच्या छोट्या बुरुजाच्या खाली, पाण्याच्या बाजूने, झिजलेलं एक जनावराचं डोकं आहे. तो गेंडा. गुजरातच्या सुलतानाने आल्बुकेर्क या पोर्तुगीज गव्हर्नरला भेट दिलेला, गोव्याहून जहाजात चढवलेला, मे १५१५ मध्ये इथे उतरलेला. युरोपाने कित्येक शतकांत गेंडा पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्तीच पळाला. पुढे तो पोपला नजराणा म्हणून पाठवला आणि वाटेत जहाज बुडून मेला. जर्मन चित्रकार ड्यूररने नुसत्या वर्णनावरून नि रेखाटनावरून काढलेलं त्याचं चित्र युरोपभर पसरलं. पोर्तुगीजांनी त्याला नाव दिलं होतं 'गांदा', आपला गेंडाच! दुर्बीण असेल तर आणा, नाहीतर मोबाइलचा झूम वापरा.

परतताना राष्ट्रपतींच्या गुलाबी प्रासादासमोर बागेत उंच खांबावर आल्बुकेर्क उभा आहे. १५१० मध्ये गोवा घेणारा हाच. पहिलं नाव आफोन्सो, आणि हापूस हे नाव त्याच्यावरूनच आलं असं मानतात.

खाण्याचं

बेलेमच्या प्रसिद्ध बेकरीत १८३७ पासून पास्तेल, म्हणजे कस्टर्डच्या वाट्या, मिळतात. दारातली रांग बांधून नेणाऱ्यांची असते. आत टाइल लावलेल्या मोठमोठ्या खोल्या आहेत, तिथे बसायला बहुधा लवकर जागा मिळते. गरम वाटीवर दालचिनी भुरभुरवून घ्या. यात अंड्याचा बलक भरपूर असतो, न खाणाऱ्यांना आधीच सांगा.

शाकाहारी माणसाचे इथे हाल होतात असं ऐकून आला असाल, पण थोडी तयारी असेल तर निभावतं. 'नांव कोमु कार्ने नें पेइश' म्हणजे मांस-मासे खात नाही. हे दोन्ही सांगावं लागतं, कारण नुसतं 'मांस नको' म्हटलं की मासा येतो. भाज्यांचं सूप बहुतेक ठिकाणी असतं, पण 'काल्दो व्हेर्द'मध्ये सॉसेजचा तुकडा घालतात, तो नको म्हणा. जेवणाआधी न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं; खाल्लं तर बिलात लागतं, हात लावला नाही तर नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

कॅफेच्या काचेत तिकोनी 'शामुसा' दिसतील. हा आपला समोसा, गोव्याच्या आणि मोझांबिकच्या लोकांबरोबर आलेला. आत बहुधा मांस असतं, विचारून घ्या. वरणभाताची फारच आठवण आली तर लुमियार भागातल्या राधाकृष्ण मंदिरात जा. मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती मंडळींनी उभारलेलं मंदिर, आणि तिथल्या उपाहारगृहात शाकाहारी जेवण मिळतं. मार्तिम मोनिझच्या मागच्या गल्लीत डाळी, पोहे, हिंगापर्यंत सगळं मिळतं. आभार मानताना पुरुषांनी 'ओब्रिगादो' आणि बायकांनी 'ओब्रिगादा' म्हणायचं.

चौथा दिवस: सिंत्रा की किनारा

बरेच जण हा दिवस सिंत्राला देतात. रोसिओ स्थानकावरून चाळीसेक मिनिटांची गाडी, डोंगरावर रंगीत पेना महाल, खाली जुनी उद्यानं. पेनाचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते आधी काढा आणि स्थानकापासून फाटकापर्यंतचा तासभर वेगळा धरा. सुंदर जागा आहे, पण दिवस गर्दीत जातो.

मी माझ्या माणसांना कश्काइशच्या गाडीत बसवते. काइश दो सोद्रेहून निघताना डावीकडची खिडकी धरा; नदी रुंद होत होत समुद्र कधी होते ते कळत नाही. जलद गाडी घेऊ नका, सगळीकडे थांबणारी घ्या, आणि वीसेक मिनिटांनी काशियश नावाचं छोटं स्टेशन येईल तिथे उतरा. इथे एक छोटा वाळूचा किनारा आहे आणि मागे टेकडीवर किल्ल्याचा तुरुंग. तो आजही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. सांगलीचे मोहन रानडे गोवामुक्तीच्या लढ्यात १९५५ मध्ये पकडले गेले आणि पुढे त्यांना इथे आणून ठेवलं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी ते सुटले नाहीत. सुधीर फडक्यांनी महाराष्ट्रात त्यांच्या सुटकेसाठी चळवळ उभी केली. रानडे सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये.

इथे पाटी नाही, तिकीट नाही, फोटो काढण्यासारखं काही नाही. पाण्याच्या कडेला बसायला कठडा आहे. सोबत डबा आणा. मी नेहमी धपाटे करून नेते, ते दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतात. खाऊन झालं की त्याच फलाटावरून पुढची गाडी कश्काइशला जाते, आणि परतीची समोरच्या फलाटावरून.